आमची निवडणूक राहिली आहे

सातारा,
१४ मे १९७७

प्रिय धुळा,

हे पत्र लांबणार आहे, म्हणून जेवूनखाऊन निवांत वाचायला बस. गेल्या वर्षी तुला दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी मी आधी विचार करायची, कोण फोडेल, कोण वाचेल. आता पत्रं कोणी फोडत नाही असं पोस्टातले लोकच सांगतात. तरी मी दार लोटून घेतलंय. तुझे दाजी जिल्हा परिषदेत गेलेत, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे, आणि आज लिहिलं नाही तर मी पुन्हा कधीच लिहिणार नाही, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

आप्पा गेल्याची तार तुला पोचली एवढं कळलं. तू येणार नाहीस हे मी धरूनच चालले होते. आटपाडीत लोकांनी विचारलं, "पोरगा न्हाई आला?" तेव्हा मी विमानाचं, रजेचं काहीबाही सांगितलं. जे करायचं ते चुलत्यांनी केलं. घराला कुलूप आहे, पण शेजारची रंगुबाई रोज येऊन अंगण झाडून जाते. नको म्हटलं तर म्हणाली, "गुरुजींच्या दारात केर कसा ठिवू?" शाळेतल्या मास्तरांनी आप्पांची पुस्तकं मागितली, ती मी देऊन टाकली. तुझी कॉलेजातली लोकरीच्या कताईची दोन जाड पुस्तकं तेवढी ठेवली आहेत. ती तुझी आहेत.

तारेच्या आठ शब्दांत मावलं नाही ते आता सांगते. मधे मधे भरकटेन, पण सगळं सांगेन.

आप्पांना निवडणुकीचं एवढं का लागून राहिलं होतं, हे तुला माझ्याइतकं माहीत नाही. तू लहान होतास. बावन्न साली पहिली निवडणूक झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आप्पांना केंद्रावरची ड्यूटी लागली. तेव्हापासून एकाहत्तरपर्यंत दिल्लीच्या पाचही निवडणुकांना लागली, आणि दर वेळी दुसऱ्याच गावात. पण त्यांचं काम ड्यूटीच्या किती आधी सुरू व्हायचं! आपली माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णेकाठाला उतरलेली असायची, आणि मत पडायचं फेब्रुवारी-मार्चात. तारीख कळली की आप्पा रविवारी सायकल काढायचे आणि कऱ्हाड, उंब्रज, इस्लामपूर, जिथं जिथं आपल्याकडचे मेंढरांचे वाडे बसलेले असतील तिथं जाऊन सांगायचे, अमुक वाराला मत आहे, दोन दिवस आधी निघा. आई म्हणायची, "सरकारनं काय तुमाला दवंडी द्याया ठिवलंय का?" तर म्हणायचे, "ह्येंच्याकडं पेपर न्हाई का रेडू न्हाई. तारीख कुनी सांगायची मग?" मला एकदा पुढं दांडीवर बसवून नेलं होतं. मतपेटी मी पाहिली नव्हती, पण ती तारीख मात्र आजही सांगू शकते.

त्या पाच निवडणुकांत दुसऱ्यांची मतं नीट पेटीत पडतील एवढं त्यांनी पाहिलं. दिल्लीसाठी स्वतःच्या गावच्या रांगेत ते एकदाही उभे राहिले नव्हते. बहात्तरच्या जूनमध्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी तू विलायतेला गेलास, पुढच्या वर्षी आई वारली. शहात्तरच्या मार्चात निवडणूक येणार होती. "आता मी मोकळा हाय, माझ्या गावात माझं मत टाकणार," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. आणि ती निवडणूकच पुढं गेली. एक वर्षानं, म्हणाले. पुढं पुन्हा आणखी एका वर्षानं. आमच्याकडं कुणी त्यावर मोठ्यानं बोलत नव्हतं. बहुतेकांना फारसा फरकही पडला नव्हता. गाड्या वेळेवर येत होत्या, कचेरीत माणसं खुर्चीवर सापडत होती. आप्पांनी मात्र दिल्लीला पोस्टकार्ड टाकलं. "मी माजी मतदान अधिकारी. यंदा मार्च महिन्यात निवडणूक होती, ती राहिली. कधी होणार ते कळवावे, म्हणजे मेंढपाळ लोकांना सांगता येईल." उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात दुसरं टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक कार्ड, असं सुरू झालं.

तुझी पत्रं तेव्हा यायची ती तशी गमतीची असायची. तपासणी व्हायची म्हणून तू निवडणुकीला लग्न म्हणायचास. "मामाकडचं लग्न पुढं ढकललंय, इकडचे पाहुणे सारखे विचारतात, मोठमोठ्या घरच्या लोकांनी सह्या करून पत्र धाडलंय की लग्न ठरल्या वेळी लावा." सुट्टीत आटपाडीला गेले की मी वाचून दाखवायची आणि आप्पा हसायचे. तिकडच्या पार्लमेंटातल्या सभासदांना तुम्ही भेटलात, लंडनला आपल्या वकिलातीसमोर फलक धरून उभे राहिलात, तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून आलं की एवढा मोठा देश निवडणूक का लांबवतोय, हे सगळं त्या लग्नाच्या गोष्टीतून आम्हाला कळत होतं. संध्याकाळी आप्पा ट्रान्झिस्टर कानाला लावून बीबीसीची हिंदी बातमी ऐकायचे. एकदा त्यात लंडनमधल्या निदर्शनांचा उल्लेख झाला तर मला हाक मारून म्हणाले, "आपला धुळा हाय बग त्यात." मी म्हटलं, नाव थोडंच घेतलं? तर म्हणाले, "नाव कशाला घ्याया पायजे?"

पण तुझं ते लग्नाचं लिहिणं त्यांना पटत नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांनी तुला स्वतः लिहिलं, ते सरळ लिहिलं. मी म्हटलं, आप्पा, लग्न लिहा. ते म्हणाले, "मी कशाला लग्न लिहू? मला निवडणूकच इचारायची हाय." त्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "तिकडच्या लोकांना सांग, आमची निवडणूक राहिली आहे. उधारीची नव्हे, हक्काची आहे. विचारत राहा." ते पत्र कुणी फोडलं नाही, की फोडून कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, देव जाणे. ते तुझ्यापर्यंत पोचलं, आणि तू ते इंग्रजीत करून तिकडच्या पेपरात दिलंस. खाली आप्पांचं पूर्ण नाव, माजी शिक्षक, मुक्काम आटपाडी.

तू का दिलंस ते मला कळतं. इतके लोक इतकं बोलत होते, त्यात एका म्हाताऱ्या मास्तराच्या चार ओळी सगळ्यांत खऱ्या होत्या. तू कात्रण पाठवलंस ते पोचलं नाही, पण दुसऱ्या कुणाला तरी ते कात्रण मिळालं. ऑगस्टमध्ये भर दुपारी पोलिसांची गाडी दारात आली. दोघं पोलीस आप्पांचेच विद्यार्थी होते. एकानं पाया पडून सांगितलं, "गुरुजी, वरनं आलंया." आप्पांनी धोतर बदललं, दम्याच्या गोळ्या घेतल्या आणि गाडीत बसले. मला साताऱ्याला निरोप आला तोवर त्यांना सांगलीच्या तुरुंगात नेलं होतं.

सांगलीला मी महिन्यातून एकदा भेटायला जायची. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेऊ द्यायचे. पहिल्या भेटीत मला वाटलं होतं, आप्पा तुझ्यावर चिडले असतील. धुळा, ते जाळीपलीकडं उभे होते, श्वास नीट लागत नव्हता, आणि तोंडभर हसत होते. म्हणाले, "छापून आलं व्हय गं? इंग्रजीत?" आत बरीच शिकलेली माणसं होती, वकील होते, प्राध्यापक होते. आप्पा त्यांना सांगत बसायचे की माझ्या पोरानं माझं वाक्य विलायतेला पोचवलं. एका वकिलानं त्यांना ते इंग्रजीतून म्हणायला शिकवलं होतं. मला म्हणून दाखवलं. उच्चार सगळे आटपाडीचे.

इकडं साताऱ्यात काय चाललं होतं ते मी तुला तेव्हा कळवलं नाही. तुझ्या दाजींना सांगलीला एका साहेबाकडं बोलावलं. नाव लिहीत नाही, ते आता बदलून गेलेत. साहेबानं चहा दिला आणि सांगितलं, "तुमच्या मेव्हण्याला आवरा. तो तिकडं थांबला तर आम्हाला इकडं म्हाताऱ्या माणसाला ठेवून काय करायचंय?" आणि जाता जाता विचारलं, तुम्ही जिल्हा परिषदेतच ना, आणि बाई शाळेत? दाजी घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला शाळेत नोटीस मिळाली, नसबंदीच्या ठरवून दिलेल्या केसेस का आणल्या नाहीत म्हणून. तशी ती सगळ्याच शिक्षकांना मिळाली होती, पण मला वाटलं ती माझ्यासाठीच आहे. त्या दिवसांत मला सगळंच माझ्यासाठी आहे असं वाटायचं. बाहेर जीप थांबली तरी मी आतून कडी लावून घ्यायची. आप्पांचा दमा वाढत होता. दाजी म्हणाले, "धुळाला लिही, जरा दमानं घे म्हणून." मी हो म्हटलं.

त्यानंतर तुझं एक पत्र आलं, आप्पांच्या नावानं, आणि मग तू गप्प झालास. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्या तुझ्या गप्प बसण्याबद्दल मला पुढं लिहायचंच आहे, आधी आप्पांचं संपवते.

जानेवारीत रेडिओवर निवडणूक जाहीर झाली. कोण म्हणतं परदेशात फार नाचक्की होत होती म्हणून, कोण म्हणतं दिल्लीला वाटलं आपणच जिंकू म्हणून. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही तिकडं विचारत राहिलात त्याचा काहीतरी भार पडलाच असेल. तारीख ठरली आणि आत घातलेली माणसं भराभर सुटली, त्यात आप्पाही सुटले. मी त्यांना सरळ साताऱ्याला आणलं. ते निम्मे झाले होते. दोन पायऱ्या चढले की बसायचे. घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न, "धुळाची पत्रं कुठं ठिवलीस?" मी म्हटलं, मध्यंतरी आली नाहीत.  तर म्हणाले, "माजं नाव छापलं म्हनून त्याच्यावर काय संकट तर न्हाई ना आलं तिकडं? पासपोर्ट काढून घेत्यात म्हनं." त्यांनी तुझ्या गप्प बसण्याचा सगळा दोष स्वतःकडं घेतला, धुळा. आपण सरळ लिहिलं, लग्न लिहिलं नाही, म्हणून पोरगा अडचणीत आला, असं त्यांनी धरून ठेवलं. मी त्यांना तसं धरू दिलं.

फेब्रुवारीत त्यांनी हट्टच धरला की वाड्यांवर जायचं. सायकलचा प्रश्नच नव्हता. एका रविवारी मी त्यांना एस.टी.नं उंब्रजला नेलं आणि तिथून बैलगाडीनं पुढं. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसली होती. आपल्याकडचा नानासो तिथं होता, तुला उचलून खांद्यावर घ्यायचा तो. तो धावत आला. "गुरुजी, तारीक लागली व्हय? आमी म्हनलं, मोडली ती रीत आता." आप्पा गाडीतूनच म्हणाले, "मोडंल कशी? लांबली." मग दम लागेपर्यंत त्यांनी वार, तारीख, केंद्र सगळं सांगितलं. नानासो म्हणाला, "येतू की मी. बायकूला ठिवतो मेंढरापाशी." तर आप्पा संतापले. "आणि तिचं मत कोन टाकनार, तुझा आज्जा? दोगंबी या. मेंढरं शेजारच्या वाड्याकडं द्या, त्यांचं मत दुसऱ्या वाराला हाय." सगळे हसले. त्या दिवशी आम्ही तीन वाडे केले. परतताना एस.टी.त त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि छातीतून नुसता शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टर मला नंतर रागावले. मी त्यांना अडवायला हवं होतं का? तू असतास तर तू अडवलं असतंस का, हे मला तुला कितीदा विचारावंसं वाटलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी आम्ही दहिवडीवरून आटपाडीला गेलो. केंद्र शाळेतच होतं, आप्पांच्याच वर्गात. लोक म्हणाले, गुरुजी, तुम्ही आधी जा. ते गेले नाहीत, पण उभं राहवत नव्हतं म्हणून रांगेसोबत पायरीपायरीवर बसत सरकले. नानासो आणि त्याची बायको आले होते, वाड्यावरची आणखी नऊ माणसं चालत आली होती. आप्पांचा नंबर आला. टेबलावरच्या नव्या पोरसवदा अधिकाऱ्यानं यादीतलं नाव मोठ्यानं वाचलं, "बिराप्पा धोंडी मेटकरी." आणि आप्पा म्हणाले, "हजर." वर्गात हजेरी दिल्यासारखं. सगळे हसले, ते स्वतःही हसले. बोटाला शाई लावून घेतली, आडोशाला गेले, आणि बाहेर यायला त्यांना इतका वेळ लागला की मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. बाहेर आले ते डोळे पुसतच. पत्रिकेची घडी चारदा घातली, म्हणाले. बरोबर पडायला हवी.

आपल्या भागात जे निवडून यायचे तेच आले. दिल्लीत मात्र सगळं उलटंपालटं झालं. आप्पा घरी अंथरुणावर होते, रेडिओ उशाशी. गावातली तरुण मंडळी येऊन म्हणाली, गुरुजी, आपलं मत वाया गेलं की. ते म्हणाले, "वाया कसं जाईल? मोजलं की." त्यानंतर आठ दिवस ते होते. एकोणतीस मार्चला सकाळी चहा मागितला आणि मी कप घेऊन येईपर्यंत गेले. कळ नाही, काही नाही. त्या आठ दिवसांत त्यांनी मला रोज विचारलं, पोस्टमन येऊन गेला का.

आता ते लिहिते ज्याच्यासाठी दार लोटलंय.

गेल्या सप्टेंबरात तुला आप्पांच्या सहीचं जे पत्र आलं, ते आप्पांनी लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं. आपल्या दोघांची अक्षरं आप्पांनीच वळवली. तुझं पुढं बदललं, माझं हुबेहूब त्यांच्यासारखंच राहिलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून लिहिलं. त्यातली वाक्यं तुला पाठ असतील, मलाही आहेत. "तुझ्यामुळं या वयात मी गजाआड आलो. माझ्या नावानं आणखी एक अक्षर छापलंस तर मी तुला मुलगा म्हणणार नाही. तुझं तोंड मला दाखवू नकोस." आप्पा सुटावेत म्हणून लिहिलं, असं मी इतके महिने स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. त्यासाठी "थांब" एवढं लिहिलं असतं तरी तू थांबला असतास. पुढची वाक्यं माझी होती. राग माझा होता. तू तिकडं फलक धरून उभा होतास, आप्पा आत वकिलांना कौतुक सांगत होते, आणि जीपचा आवाज ऐकून कडी लावणारी मी एकटी होते. माझ्या रागाखाली मी आप्पांची सही केली.

तुझं उत्तर आलं, "आप्पा, तुमच्या शब्दाबाहेर नाही. मी सगळं सोडलं." ते मी सांगलीला त्या साहेबाला नेऊन दाखवलं. त्यानं वाचलं, फायलीला लावलं आणि म्हणाला, कळवू. काही कळवलं नाही. आप्पा सुटले ते सगळ्यांबरोबर सुटले. तू थांबलास त्यानं ते एक दिवसही लवकर आले नाहीत. आणि त्याच आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा जाळीपलीकडून आप्पांनी मला निरोप दिला होता, "धुळाला लिही, माजी काळजी करू नगं. लावून धर म्हनावं." मी मान डोलावली. एस.टी. स्टँडवर येऊन पहिली गाडी धरली, आणि घरी आले. तो निरोप आज आठ महिन्यांनी तुला पोचतोय.

सुटल्यावर आप्पांनी तुला दोन पत्रं लिहिली. एक फेब्रुवारीत, एक मतदानाहून आल्यावर. दोन्ही चिकटवून माझ्या हातात दिली, पोस्टात टाक म्हणून. मी टाकली नाहीत. ती टाकली असती तर तुझं उत्तर आलं असतं, आणि मी काय केलं ते आप्पांना कळलं असतं. माझा बाप मला काय म्हणेल या भीतीनं मी त्याला रोज पोस्टमनची वाट बघू दिली. ती दोन्ही या पाकिटात आहेत. मी ती उघडलेली नाहीत. आत काय आहे ते फक्त तुझं आहे.

आणि आजच का लिहिते आहे, तर परवा तू दाजींच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेली चिठ्ठी त्यांनी मला आणून दाखवली. तू तिकडचं नागरिकत्व घेतो आहेस, कागद तयार आहेत, जूनमध्ये सही करायची आहे. "ज्या बापानं नाव टाकलं त्याच्या गावाशी आता माझं काय राहिलं," असं तू लिहिलंस. दाजी म्हणाले, "आप्पा असं कवा म्हनले?" आणि माझ्याकडं बघत राहिले. मी स्वयंपाकघरात निघून गेले. धुळा, तुला तिकडं राहायचं असेल तर राहा, तुझं काम तिथं आहे, तुझी माणसं तिथं असतील. मी तुला परत बोलावत नाही, माफही कर म्हणत नाही. पण सही करताना हे माहीत असू दे की तुझ्या बापानं तुला कधी टाकलं नव्हतं, टाकलं ते मी. आता तीन वाजलेत. हे पाकीट मी स्वतः मोठ्या पोस्टात नेऊन रजिस्टर करणार आहे, आणि पावती घेऊन सहाला दाजी परत आले की ती त्यांच्यापुढं ठेवून त्यांना सगळं सांगणार आहे.

तुझीच आक्का,
हरणा